धर्मग्रामाच्या वेशीबाहेर

वसईत ख्रिस्ती घरात वाढणाऱ्या पोरापोरींना युवा संघटनेचं आमंत्रण कुणी छापून देत नाही. दहावी संपलेली असते, दृढीकरणाचा संस्कार झालेला असतो आणि एखाद्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात उभी असलेली थोरली पोरं हाक मारतात, ‘‘काय रे, संध्याकाळी हॉलवर येतोस ना?’’ तेवढ्यावर पुढची दहा वर्षं ठरून जातात. नाताळचा गोठा, घरोघरी फिरून म्हणायची गाणी, सणाच्या दिवशी वाहनं लावण्यापासून पाणी वाटण्यापर्यंतची धावपळ, फुटबॉलचे सामने, एकांकिका, रक्तदान. घरी इकडची काडी तिकडे न करणारी पोरं इथं रात्री बारापर्यंत मंडप बांधतात. याच हॉलमध्ये ती चारचौघांत बोलायला शिकतात, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवायला शिकतात, कडाकडा भांडून दुसऱ्या दिवशी एकत्र बसायला शिकतात. मीही याच वाटेने आले. पुढे शाळेत शिक्षिका झाले आणि संध्याकाळी नि रविवारी धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, युवांचं काम बघत राहिले. चळवळ कशाने वाढते, हा प्रश्न त्या कामात सतत सोबत होता. त्याचं उत्तर मला शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांवर मिळालं. ते सविस्तर मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचा गट एकटा नसतो. धर्मग्रामाच्या वर धर्मप्रांत, धर्मप्रांताच्या वर विभाग आणि सगळ्यांना धरून भारतीय कॅथलिक युवा चळवळ, म्हणजे ज्याला आम्ही सगळे नुसतं ‘आयसीवायएम’ म्हणतो. देशातल्या लॅटिन विधीच्या बिशपांची परिषद आहे, तिच्या युवा आयोगाच्या छत्राखाली हे काम १४ विभागांत चालतं. कॅथलिक तरुणांच्या संघटना आपल्याकडे आयसीवायएमच्या आधीही होत्या. कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी १९२४ मध्ये स्थापन झालेली आयकफ होती, शाळकरी मुलांसाठी वायसीएस होती, कामगार तरुणांसाठी वायसीडब्ल्यू होती. या संघटना कॉलेज, शाळा, कारखाना अशा एकेका ठिकाणी रुजल्या. धर्मग्रामाच्या गटात मात्र कुणाचीच निवड होत नाही. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पहाटे भाजीचा भारा घेऊन दादरला जाणाऱ्या आईची मुलगी, कोळीवाड्यातला बोटीवर जाणारा मुलगा आणि रात्रपाळीची नोकरी करणारा तरुण एकाच सतरंजीवर बसतात. एरवी ही चौघं एकमेकांशी बोललीही नसती. या चळवळीचं सगळं बळ त्या सतरंजीत आहे, असं मला आजही वाटतं.

आमच्या आधीची पिढी १९८६ च्या आठवणी सांगायची. त्या वर्षी फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे मुंबईत आले आणि शिवाजी पार्कवर तरुणांशी बोलले. जागतिक युवा दिनाची प्रथाही त्याच सुमारास सुरू झाली. पुढे मे १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, आणि आमच्या कामाला स्वतःचं घर मिळालं. शिबिरं मराठीत, गाणी मराठीत, गटचर्चा तर थेट सामवेदीत नि वाडवळीत. इंग्रजीच्या धाकाने मागे बसणारी पोरं पुढे आली. गावोगावचे गट उभे राहिले, मेळावे भरू लागले, टी-शर्टांचे रंग दर वर्षी बदलू लागले.

त्या वर्षांत वाढ आम्ही डोक्यांनी मोजत होतो. मेळाव्याला किती आले, बस किती भरल्या, जेवणाची ताटं किती लागली. मेळावा संपला की पुढच्या बैठकीला मात्र तीच दहा-बारा पोरं दिसायची. हा अनुभव एकट्या आमच्या धर्मग्रामाचा नव्हता. विभागीय प्रशिक्षणात पुणे, नाशिककडचे कार्यकर्ते भेटायचे, तेही हेच सांगायचे. लोक कार्यक्रमाला येतात, कामाला थांबत नाहीत. थांबण्यासारखं काम त्यांच्यापुढे असलं तर ते थांबतील, हे तेव्हा कुणी बोलून दाखवत नव्हतं.

अशाच एका प्रशिक्षणात जोसेफ कार्डाइन यांची गोष्ट तपशिलाने ऐकली. बेल्जियममधल्या कष्टकरी घरातला हा मुलगा धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेला. सुट्टीत घरी आला तेव्हा लहानपणीचे सवंगडी गिरण्या-कारखान्यांत राबत होते, आणि ते त्याच्यापासून नि चर्चपासून तुटले होते. मुलाच्या शिक्षणासाठी कष्ट उपसणारे वडील १९०३ मध्ये वारले, तेव्हा त्याने आपलं आयुष्य कामगार तरुणांना द्यायचं ठरवलं. १९२५ मध्ये त्यातून तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ, म्हणजेच वायसीडब्ल्यू, उभी राहिली. तिची रीत तीन पायऱ्यांची: आधी पाहा, मग पारखा, मग कृती करा. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात हीच रीत सामाजिक शिकवणुकीसाठी सांगितली, आणि जगभरच्या कॅथलिक युवांच्या कामात ती पोहोचली. आमच्याही वहीत ती पहिल्या पानावर असायची. तरुणांना कृतीची घाई असते, थोरांना पारखण्याची हौस असते. पाहणं कुणालाच पुरेसं जमत नाही. त्याला वेळ लागतो, आणि ज्याला पाहायचं त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.

आम्हाला पाहण्यासाठी लांब जावं लागणार नव्हतं. दिवाळी उलटली की वसईच्या पूर्वेला, महामार्गाच्या अंगाला वीटभट्ट्या पेटतात. शेतातली माती सुकते, ट्रक भरून माणसं येतात, झावळ्या-पेंढ्याच्या झोपड्या उभ्या राहतात. त्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना भोंगाशाळा हे नाव त्यातूनच पडलं. पाऊस आला की भोंगे मोडतात आणि माणसं दिसेनाशी होतात. वसईत सगळ्यांनी हे जन्मापासून पाहिलेलं असतं. आमचा गट नाताळात तिथे जायचा, गाणी म्हणायचा, मुलांना खाऊ द्यायचा. एका वर्षी परत येताना अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘टीचर, जूनमध्ये ही सगळी जातात कुठे?’’ गाडीत कुणालाच सांगता येईना. पुढच्या बैठकीचा विषय तोच ठरला.

मग भट्टीवर नुसतं जाऊन बसायचं ठरलं. खाऊ नाही, गाणी नाही. पहाटे तीन-चारला काम सुरू होतं, म्हणून काही पोरं आदल्या रात्रीच गेली. त्यांनी पाहिलं ते असं. नवऱ्याने रात्री भिजवून ठेवलेला गारा पायाने तुडवून लोण्यासारखा केलेला असतो. बायको उकिडवी बसते. डाव्या हाताने साच्याला राख फासते, उजव्या हाताने गाऱ्याचा गोळा तोडते, जमिनीवर एकदा वळते आणि वरून साच्यात आपटते. कोपरे अंगठ्याने दाबते, वरची माती हाताने निपटते, साचा उचलून चार पावलं जाते, पालथा करते. वीट जमिनीवर बसते, साचा मोकळा. हे दिवस उजाडेपर्यंत, आणि उजाडल्यावरही. सहा-सात वर्षांचं पोर कोरड्या झालेल्या विटा कडेवर उभ्या करत मागून सरकतं. मजुरी हजार विटांमागे. अवकाळी पावसात कच्ची वीट विरघळली, तर ती मोजणीत धरत नाहीत. आमच्यातल्या एकाने हौसेने साचा हातात घेतला, पहिल्या दहा विटांनीच त्याचं मनगट धरलं. तो नंतर बराच वेळ गप्प बसला होता. आमच्या धर्मग्रामाचा नवा हॉल तेव्हा बांधून होत आला होता, आणि त्याच्या विटा अशाच एका भट्टीवरून आलेल्या होत्या.

पारखायला बसलो तेव्हा सगळ्यात कामाला आली ती कॉमर्सची पोरं. मजुराला हंगामाआधी उचल मिळते. भट्टीवर दर आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते, तीही उचलीवर चढत जाते. किती हजार विटा पडल्या, किती खाडे झाले, औषधपाण्याला किती घेतले, हे सगळं शेठच्या किंवा मुकादमाच्या वहीत. मे अखेर हिशेब होतो तेव्हा पैसे हातात येण्याऐवजी अंगावर फिरतात, आणि ते फेडायला पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर यावं लागतं. अशा बांधून घेण्यालाच वेठबिगारी म्हणतात, आणि तिच्याविरोधातला कायदा १९७६ सालचा आहे. वसई परिसरात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून या प्रश्नावर मोठा लढा दिला. हे आमच्या पोरांनी पहिल्यांदाच वाचलं, आणि आपल्याच तालुक्याचा इतिहास आपल्याला परका का राहिला, म्हणून ती अस्वस्थ झाली. हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत आपले आईबाप रस्त्यावर उतरले होते, हे त्यांना ठाऊक होतं. पाण्यासाठी नि जमिनीसाठी गाव उभं राहतं, मग या माणसांसाठी का नाही, असा प्रश्न एकाने बैठकीत विचारला.

एका बाईने आम्हाला वाट दाखवली. ती म्हणाली, ‘‘हिशोब आमच्या डोक्यात हाये, बाय. पर कागूद त्याच्याकडं.’’ त्यावरून ठरलं की प्रत्येक कुटुंबाची स्वतःची वही असावी. शनिवारी खावटी मिळाली की आमच्यातला एकजण कुटुंबासोबत बसायचा, आठवड्याच्या विटा, खावटी, खाडे लिहायचा आणि वाचून दाखवायचा. वही कुटुंबाकडेच राहायची. तक्रार नाही, घोषणा नाही, फक्त दुसरी वही. पहिल्या हंगामात काही भट्ट्यांवर आम्हाला येऊ दिलं नाही. काही ठिकाणी मालकांनी स्वतःच सांगितलं, बरं झालं, आमचीही भांडणं वाचली. मे महिन्यात दोन वह्या शेजारी ठेवून हिशेब झाला, तेव्हा काही घरांच्या अंगावर फिरलेली रक्कम कमी झाली, तर काहींच्या हातात थोडे पैसे आले. आमच्या पोरांना त्या दिवशी झालेला आनंद मी कुठल्याही मेळाव्यात पाहिला नव्हता.

‘जातात कुठे’ हा प्रश्न मात्र अजून उभाच होता. कुटुंबांना विचारलं तर गावांची नावं येत गेली: शहापूर, मुरबाड, किन्हवली, टोकावडे, आणि पुन्हा पुन्हा डोळखांब. शेवटी त्याच कुटुंबांच्या बोलावण्यावरून आम्ही निघालो. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता. तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तोवर वसई आणि डोळखांब दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होते. एकाच जिल्ह्यातलं गाव, पण गटातल्या एकानेही ते पाहिलेलं नव्हतं. वसई-दिवा गाडीने दिव्याला, तिथून कल्याण, कसारा लोकलने आसनगाव, पुढे शहापूरहून एसटी. डोळखांब या बाजारपेठेच्या गावातून पुढे जीपने नि शेवटी पायी. जुलै होता. समोर आजोबाचा डोंगर ढगात बुडालेला, खाली खाचरांत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली.

आमची पोरं शेतकऱ्यांच्या घरातली असल्यामुळे चिखलात उतरायला कुणी लाजलं नाही. वसईच्या पोरीने रोपांची मूठ हातात घेतली तशी घरधनीण हसली, ‘‘तुला येतंय की!’’ पुढच्या गप्पा त्या मुठीने सोप्या केल्या. राब कसा भाजतात, वरकसावर नागली-वरी किती होते, भात किती महिने पुरतं. बहुतेक घरांत ते पुरत नव्हतं. कातकऱ्यांकडे तर घराखालची जागाही स्वतःच्या नावावर नाही, अशी घरं कितीतरी. भादव्यात कणगी रिकामी होते, आणि नेमका तेव्हाच मुकादम उचल घेऊन पाड्यावर येतो. आमच्या पोरांनी वसईत पाहिलेल्या विटेची सुरुवात इथे होती. भट्टीवर आम्हाला कर्ज दिसलं होतं, इथे त्या कर्जाचं कारण दिसलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा जातो, तानसाही याच तालुक्यात. डोळखांबच्या पुढे चोंढ्याला घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, असा हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. एवढं पाणी नि एवढी वीज ज्या तालुक्यात, तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. बोरिवलीला, अंधेरीला नोकरीला जाणारी आमची मुलं रोज जे पाणी पितात, ते कुठल्या तालुक्यातून येतं, हे त्यांना हंडा डोक्यावर घेऊन चालताना समजलं.

पहिल्याच मुक्कामात गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला ओट्यावर बसवून सरळ विचारलं, ‘‘तुम्ही मिशनवाले ना? धर्म बदलायला आलात का?’’ प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. मला तो प्रश्न योग्य वाटला, कारण बाहेरून येणाऱ्याने आपला हेतू सांगायलाच हवा. आम्ही सांगितलं: आम्ही ख्रिस्ती आहोत, श्रद्धेमुळेच आलो आहोत, पण तुमची श्रद्धा बदलायला आलेलो नाही. तुमची माणसं आमच्या गावात राबतात, त्यांचं गाव बघायला आलो आहोत. त्या रात्री गटाने स्वतःसाठी नियम ठरवले. पाड्यावर प्रार्थनेचा कार्यक्रम नाही. कपडे, खाऊ, भेटवस्तू नाहीत. सरपंच आणि पोलीस पाटलांना सांगितल्याशिवाय मुक्काम नाही. ज्या घरात राहायचं, तिथल्या ताटात असेल ते खायचं आणि काम करायचं. हे नियम पुढच्या प्रत्येक तुकडीने पाळले. आमची श्रद्धा त्यामुळे झाकली गेली असं मला कधी वाटलं नाही. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा त्याचा धर्म विचारत नाही आणि आपलाही सांगत बसत नाही. आमच्या पोरांना तो दाखला पाठ होता. त्याचा अर्थ त्यांना इथे लागला.

कृतीच्या बाबतीतही डोळखांबने आम्हाला वळण लावलं. या भागात श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटना वर्षानुवर्षं आदिवासींच्या जमिनीच्या, वनहक्कांच्या प्रश्नांवर काम करत आल्या आहेत. स्थानिक कार्यकर्त्यांना जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही, हे मान्य केल्यावर काम सोपं झालं. त्यांनी सांगितलं, स्थलांतर थांबवायचं तर दसऱ्याच्या आधी गावात रोजगार हमीचं काम निघालं पाहिजे. त्यासाठी मजुरांनी नमुना ४ भरून मागणी नोंदवायची आणि ग्रामपंचायतीकडून तारखेची पोच घ्यायची. पोच हातात असली की पंधरा दिवसांत काम देणं बंधनकारक, नाहीतर बेकारी भत्ता. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरतात. आमच्या पोरांनी अर्ज भरून देण्याऐवजी पाड्यावरच्या शिकलेल्या मुलामुलींना अर्ज भरायला बसवलं. आठवी-नववीपर्यंत शिकून घरी बसलेल्या त्या मुलींची अक्षरं सुरेख होती. कुणी त्यांना कधी काही लिहायला दिलं नव्हतं, एवढंच.

मुलांच्या शाळेचं कामही असंच दोन टोकांना धरून झालं. शिक्षण हक्क कायद्याने कुठलंही मूल वर्षाच्या मध्यात, दाखला नसला तरी, जवळच्या शाळेत वयाप्रमाणे बसू शकतं. स्थलांतरित मुलांसाठी पुढे शिक्षण हमी कार्डही आलं. कागदावरचं हे सगळं पाड्यावरून भट्टीपर्यंत पोहोचायला मध्ये माणूस लागतो. डोळखांबकडच्या शाळेतले गुरुजी ऑक्टोबरमध्ये नावं द्यायचे, वसईच्या बाजूला आमचा गट ती मुलं भट्टीजवळच्या शाळेत बसवायचा, मे अखेर उलटा प्रवास. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे मला यातलं यश नेमकं दिसतं. पटावर नाव राहिलं की मूल शाळेचं राहतं. एकदा पट सुटला की पुढची पायरी गाऱ्याची.

स्थलांतर थांबलं का? नाही. काही घरं काही वर्षं गावातच राहिली, कारण त्या वर्षी काम वेळेवर निघालं. बाकीची जात राहिली. ती मात्र आता वही घेऊन जातात, दर ठरवून जातात, आणि पोरांची नावं शाळेत सांगून जातात. आम्ही एका धर्मग्रामाचे तरुण होतो, प्रश्न अख्ख्या जिल्ह्याचा होता. एवढं झालं ते टिकून राहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

चळवळीवर याचा काय परिणाम झाला, ते मात्र मी खात्रीने सांगू शकते. बैठकीतली पोरं गळेनाशी झाली. शनिवारची वही कुणीतरी लिहायचीच असते, म्हणून कुणीतरी यायचंच. परीक्षा आली तर दुसऱ्याला शिकवून जायचं. जबाबदारी अशी हातोहात पुढे जाऊ लागली, आणि सचिव कोण, अध्यक्ष कोण यावरची चुरस आपोआप मागे पडली. ज्यांना गाता येत नव्हतं, भाषण करता येत नव्हतं, फुटबॉल खेळता येत नव्हता, त्यांना पहिल्यांदा या गटात जागा मिळाली. शेजारच्या धर्मग्रामांनी विचारलं, आम्हीही येऊ का? त्यांच्या हद्दीतल्या भट्ट्या त्यांनी घेतल्या. कुणी पत्रक काढलं नाही, तरी काम पसरत गेलं. चर्चमधल्या मोठ्या माणसांचंही मन बदललं. भट्टी चालवणारे काहीजण आमच्याच धर्मग्रामातले होते. त्यांच्यासमोर पोरांनी वह्या ठेवल्या तेव्हा बैठक तापली, पण उठून कुणी गेलं नाही. त्यातल्या काहींनी पुढच्या हंगामापासून मोजणी मजुरांसमोर करायला सुरुवात केली. बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर हे झालं नसतं. पोरं त्यांच्याच घरातली होती, म्हणून झालं.

आणि मग राष्ट्रीय चळवळीचा अर्थ कळला. पुढे एका राष्ट्रीय पातळीवरच्या प्रशिक्षणात आमच्या मुलांनी हे काम मांडलं. मांडून झाल्यावर झारखंडचा एक मुलगा उभा राहिला. तो स्वतः आदिवासी, कॅथलिक. त्याने सांगितलं की त्याच्या गावातली माणसं दर वर्षी उत्तर प्रदेशातल्या, त्रिपुरातल्या वीटभट्ट्यांवर जातात, त्याचे काकाही गेले आहेत, आणि भट्टीजवळच्या गावातलं कुणी कधी त्यांना येऊन भेटलेलं त्याला ठाऊक नाही. आमच्या मुलांनी हे ऐकलं आणि त्यांची बोलण्याची पद्धतच बदलली. तोवर ती ‘ते मजूर’ म्हणत होती. आता मजूर त्यांच्या शेजारी, त्यांच्याच चळवळीचा टी-शर्ट घालून बसला होता. त्या दोन दिवसांत वसईची वही आणि झारखंडच्या मुलाने सांगितलेल्या गावपातळीवरच्या नोंदी शेजारी ठेवून पोरं रात्री उशिरापर्यंत बोलत बसली. १४ विभागांची ही एवढी मोठी मांडणी कशासाठी, याचं उत्तर मला तिथे मिळालं. एका टोकाचं गाव आणि दुसऱ्या टोकाची भट्टी एकाच चळवळीत असू शकतात. त्यांची गाठ घालून देणं हे राष्ट्रीय संघटनेचं खरं काम. जानेवारी २०१७ मध्ये मंगळूरला झालेल्या राष्ट्रीय युवा अधिवेशनासारखे मोठे सोहळे हवेतच, तरुणाला आपण एकटे नाही हे कळायला तशी गर्दी लागते. पण गर्दीतून घरी परतलेल्या तरुणाला सोमवारी करायला काही असलं, तरच ती गर्दी त्याच्या कामाची.

२०१८ मध्ये रोमला तरुणांविषयी बिशपांची महासभा झाली आणि पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१९ मध्ये तरुणांना उद्देशून पत्र लिहिलं. तरुण हे चर्चचं भविष्य म्हणून बाजूला ठेवायचे नाहीत, ते तिचं आजचं जीवन आहेत, हा त्याचा गाभा. आमच्याकडे त्यावर चर्चासत्रं झाली, प्रश्नावल्या झाल्या. मला त्यातून एकच मागणं मागावंसं वाटतं. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या युवांना एक माणूस, एक वस्ती, एक प्रश्न असा द्यावा, जो धर्मग्रामाच्या वेशीबाहेरचा आहे आणि तरीही आपल्या रोजच्या जगण्याशी बांधलेला आहे. तो एका वर्षाचा नसावा. सचिव बदलले, फादर बदलले तरी काम चालू राहावं, म्हणून त्याची नोंद ठेवावी, प्रवासाला पैसे ठेवावेत आणि गावच्या लोकांना विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. गोठा, गाणी, सामने यांना माझा विरोध नाही, तिथेच ही पोरं एकमेकांची होतात. पण ती एकमेकांची झाल्यावर पुढे कुणाची होणार, हे ठरवणं आमच्या पिढीचं काम आहे.

आज आमच्या गटाची सूत्रं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पहिली आवणी पाहिलेली नाही. त्यांना मोबाइलवर हिशेब ठेवायचा आहे. वही कागदावरच असावी आणि कुटुंबाकडेच असावी, असं डोळखांबकडच्या मुली त्यांना सांगतात, आणि त्यावर त्यांचे वाद चालतात. त्या मुलींतली एक आता स्वतःच्या पाड्यावर नमुना ४ च्या अर्जांचं काम बघते. आमच्या पोरांना ती तारखा सांगते, कुठल्या आठवड्यात यायचं आणि कुठल्या आठवड्यात यायचं नाही. आमच्या चळवळीची वाढ मला या हुकमात दिसते. काम आमच्या हातून सुटून त्यांच्या हातात गेलं आहे, आणि आमची मुलं अजूनही त्यांच्या बोलावण्यावर जातात.